स्वयंपाकघराच्या खिडकीतली अमेरिका

अमेरिका मी दोनदा पाहिली. एकदा खरी, पुतणीच्या लग्नाला गेलो होतो तेव्हा. आणि त्याआधी कितीतरी वर्षं शेजारच्या वसुधाकाकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत. प्रामाणिकपणे सांगायचं तर खरी अमेरिका मला जरा मवाळच वाटली. विमानतळावरचा अधिकारी माझा पासपोर्ट बघून चक्क हसला आणि 'एन्जॉय द वेडिंग' म्हणाला. काकूंच्या खिडकीत असले लाड नव्हते.

दुबईत ऊद मेथामध्ये आमची इमारत जुनी. या जुन्या इमारतींमध्ये स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधल्या भिंतीला एक चौकोनी खिडकी ठेवलेली असते, आतून गरम भांडी बाहेर सरकवायला. आमच्याकडे त्या खिडकीत मिक्सर आणि न लागणारे डबे. काकूंनी मात्र तिचं अमेरिकन कॉन्सुलेट केलं होतं. अमेरिकेला शिकायला निघालेलं दुबईतलं मराठी पोर व्हिसासाठी कॉन्सुलेटच्या खिडकीसमोर उभं राहण्याआधी काकूंच्या खिडकीसमोर उभं राहायचं, असा जणू नियमच पडून गेला होता. आत उंच स्टुलावर काकू. अंगात घरातला गाऊन, त्यावर काकांचा जुना निळा ब्लेझर, नाकावर चष्मा. बाहेर फाइल छातीशी धरलेला उमेदवार. त्याला खुर्ची नाही, कारण तिथेही नसते. आई-बापांना बाल्कनीत बसवलेलं, कारण तिथेही आत सोडत नाहीत. व्हिसाच्या मुलाखती साधारण उन्हाळ्यात येतात आणि दुबईचा जून म्हणजे काय ते इथे राहिलेल्यालाच ठाऊक. पण बाल्कनीत घाम पुसत बसलेला एकही बाप कधी कुरकुरला नाही.

"नेक्स्ट," काकू म्हणायच्या. समोर एकच मुलगा असला तरी.

काकूंचं इंग्रजी एरवी शाळेतलं, स्वच्छ. जवळच्याच एका भारतीय शाळेत त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं होतं. पण ब्लेझर चढला की त्या नाकातून बोलू लागत.

"व्हाय धिस युनिव्हर्सिटी?"

"ॲक्च्युअली मॅम, इट इज व्हेरी..."

"ॲक्च्युअली म्हणजे? मघापासून खोटं बोलत होतास का? परत पहिल्यापासून."

त्यांचे नियम सगळ्यांना पाठ होते. उत्तर दोन वाक्यांत. तिसरं वाक्य आलं की ती वकिली झाली. 'सर' किंवा 'मॅम' एकदाच म्हणायचं, उगाच मुजरे करायचे नाहीत. मान डोलवायची नाही, कारण आपली मान हो म्हणतेय की नाही म्हणतेय हे बाहेरच्यांना कळत नाही. शिवाय गॅसवर कुकर असायचा आणि तो मुद्दाम लावलेला असायचा. उत्तर चालू असताना शिट्टी झाली आणि पोरगं दचकलं, की नापास. "तिथे शेजारच्या खिडकीत कोणी रडत असेल, कोणी भांडत असेल," काकू सांगायच्या. "तुझं लक्ष हललं नाही पाहिजे." मुलाखत संपली की ब्लेझर खुंटीला जायचा, आई-बापांना आत बोलावून त्याच कुकरमधला वरणभात वाढला जायचा, आणि मघाशी थरथरणारं पोर त्याच बाईला "काकू, अजून थोडं तूप" म्हणायचं.

सगळ्यात अवघड प्रश्न त्या शेवटी ठेवत. शिकून झाल्यावर परत जाणार का, आणि कुठे? परत जाणार नाही असं वाटलं की विद्यार्थ्याला व्हिसा मिळत नाही. प्रश्न ऐकायला सोपा आहे. पण ही पोरं जन्मली दुबईत, पासपोर्ट भारताचा, भारतात राहिली ती फक्त सुट्टीपुरती, आणि दुबईत राहायची परवानगी बाबांच्या नोकरीवर. घर कुठे, असं विचारलं की ती छताकडे बघायची.

काकूंचा स्वतःचा मुलगाही असाच छताकडे बघून परत आला होता. अमेय त्यांचा एकुलता एक. हुशार, बोलका, पहिल्यांदा तो काही तयारी न करताच कॉन्सुलेटला गेला. अधिकाऱ्याने विचारलं, शिकून कुठे परत जाणार? हा म्हणाला, दुबईला. तू तिथला नागरिक आहेस? नाही. मग? मग इंडियाला. इंडियात राहिलायस कधी? समर व्हेकेशनमध्ये. हे सांगताना अमेयला स्वतःलाच हसू आलं आणि त्या दिवशी व्हिसा मिळाला नाही. काकूंनी त्या अधिकाऱ्याला कधी नावं ठेवली नाहीत. "त्याने बरोबरच विचारलं," त्या म्हणाल्या. "उत्तर आपल्याकडेच नव्हतं." मग पोळ्या लाटता लाटता त्या खिडकीतून त्याला रोज प्रश्न विचारत राहिल्या आणि दुसऱ्या खेपेला तो व्हिसा घेऊन आला. तिथून काकूंचं कॉन्सुलेट सुरू झालं.

अमेयसाठी त्यांनी एक उत्तर बसवलं होतं: आमचं पुण्याला कोथरूडमध्ये घर आहे, आई-बाबा निवृत्त होऊन तिथेच जाणार आहेत, आणि माझ्या विषयातल्या चांगल्या कंपन्याही तिथे आहेत. उत्तर इतकं गुळगुळीत होतं की काकूंनी पुढच्या सगळ्यांना तेच दिलं. एकदा आमच्या ओळखीतली तीन मुलं एकाच सकाळी कॉन्सुलेटच्या एकाच खिडकीसमोर लागोपाठ उभी राहिली. त्यातलं तिसरं पोर मालवणचं, पुण्याला फक्त गाडी बदलायला उतरलेलं. "आमचं पुण्याला घर आहे," असं त्याने सुरू केल्यावर अधिकारी मान वर न करता म्हणाला, "कोथरूड, आय सपोज." व्हिसा तिघांनाही मिळाला, हा त्या माणसाचा मोठेपणा. काकूंनी ही हकिगत ऐकली आणि दोन दिवस कोणाशी धड बोलल्या नाहीत. त्यानंतर त्या प्रत्येकाचं गाव, घर, चुलते, आत्या सगळं विचारून घेऊन प्रत्येकाचं उत्तर वेगळं शिवू लागल्या.

लोक म्हणत, काकूंना अमेरिकेचं वेड आहे. मला ते कधी पटलं नाही. तिथल्या सिनेमांशी, खाण्याशी, गाड्यांशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. लेकाकडे जाऊन आल्या तेव्हाही कौतुक कशाचं, तर तिथल्या लायब्ररीचं. त्यांना ओढ होती ती एकाच गोष्टीची. तिथे माणसाला कायमचं राहू देतात, असा त्यांचा विश्वास होता. इथे काकांचा व्हिसा कंपनीवर, काकूंचा काकांवर, आणि दर काही वर्षांनी नवा शिक्का. कंपनीत मालक बदलल्याची बातमी आली की काकू कपाटातले पासपोर्ट काढून तारखा तपासायच्या. भिंतीला खिळा ठोकायचा तरी त्या म्हणायच्या, "कशाला, सोडून जाताना भोक बुजवायला लागतं." एकदा लिफ्ट बंद होती म्हणून आम्ही जिन्यात टेकलो होतो, तेव्हा त्या सहज म्हणाल्या, "दिलीप, आपण इथे तीस वर्षं पाहुणे आहोत. यजमान चांगला आहे, माझी तक्रार नाही. पण अमेय पाहुणा राहू नये."

त्यांच्या या श्रद्धेला घरातूनच विरोध होता, म्हणजे अरविंदकाकांचा. काका दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका खोक्यांच्या कारखान्यात मेंटेनन्स मॅनेजर. त्यांच्याकडे पुठ्ठा कापायचं एक अवाढव्य अमेरिकन मशीन होतं. काकांचा त्याच्यावर भारी जीव. त्याचा आवाज ऐकून ते कुठे दुखतंय हे सांगायचे. पण पुढे त्याचा एखादा भाग बिघडला की नवा यायला महिने लागायला लागले. शेवटी मालकाने ते भंगारात काढलं आणि त्याच्या जागी चिनी मशीन आणलं. काका हळहळले, महिनाभर नव्या मशीनकडे पाठ करून बसले, आणि मग त्याच्या प्रेमात पडले. तेव्हापासून सकाळी नाश्त्याला जगाची उलथापालथ सुरू झाली.

"वसुधा, ते दिवस खलास. आता एकटी अमेरिका जग चालवत नाही."

"मग कोण चालवतं?"

"दोघं-चौघं मिळून."

"दोघं-चौघं मिळून आपल्या मराठी मंडळाची एक पिकनिक ठरत नाही. पोहे घ्या."

"अगं, खाली पार्किंगमध्ये बघ. निम्म्या गाड्या चिनी आहेत."

"आणि तुमच्या पगाराचा दिऱ्हम? तो कशाला बांधलाय? डॉलरला. तो आधी सोडवून आणा, मग माझ्याशी बोला."

काका हसून चहा ओतून घ्यायचे. मला वाटतं त्यांना वादात जिंकायचं नव्हतंच. मुलगा लांब होता आणि त्याच्याविषयी सरळ बोलायचं नसलं की दोघं जगाविषयी बोलत.

अमेय तिकडे टेक्सासमध्ये चांगला रुजला होता. नोकरी, घर, मागच्या अंगणात काकूंनी लावलेला कढीपत्ता. फक्त कायमचं राहू देणाऱ्या ग्रीन कार्डाच्या रांगेत तो उभा होता आणि भारतीयांसाठी ती रांग मुंगीच्या पावलांनी सरकते. दर महिन्याला रांग कुठवर आली याचा तक्ता निघतो. अमेय तो आईला फोनवर वाचून दाखवायचा. "सरकली का?" काकू विचारायच्या. "नाही, या महिन्यात जागेवरच." "बरं. सरकेल." कित्येक वर्षं हा संवाद मी भिंतीपलीकडून ऐकला आहे.

मग काकांच्या छातीत दुखायला लागलं. दुपारची वेळ होती, मी घरीच होतो. ॲम्ब्युलन्समध्ये काकू पुढे बसल्या, मी मागून गाडी घेऊन गेलो. अँजिओप्लास्टी झाली, धोका टळला. पण त्या दोन दिवसांत अमेय आला नाही. त्याला येता येत नव्हतं. त्याच्या पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली होती. तिथे राहायला हरकत नव्हती, पण एकदा बाहेर पडला की नव्या शिक्क्याशिवाय आत जाता आलं नसतं, आणि त्यासाठी मुलाखतीची तारीख कुठेच मिळत नव्हती. नोकरी, घर सगळं तिकडे. तो फोनवर होता. काकूंनी फोन काकांच्या उशाशी टेकवून ठेवला होता आणि त्यातून अमेयचा चेहरा सतत दिसत होता.

मी बाहेर पॅसेजमध्ये विचारलं, "येतोय का तो?"

"नाही. नियम आहेत," काकू म्हणाल्या. "नियम असलेला देश आहे तो." हे त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. मला त्या क्षणी त्यांचा राग आला होता, आणि तितकीच दयाही.

त्यानंतर काही दिवसांतच आमच्या ईशाचा नंबर आला. ईशा माझी मुलगी. बारावी झाल्यावर तिलाही अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीत जागा मिळाली आणि मी तिला रीतसर काकूंसमोर उभं केलं. दोन प्रश्नांतच काकूंनी चष्मा काढला.

"ईशा, तुला जायचंय ना?"

"इट्स ओके, काकू. बट इट्स नॉट माय फर्स्ट चॉइस. आय वॉन्ट नेदरलँड्स."

बाल्कनीतून मी धावत आत आलो. मलाही हे नवीनच होतं. काकूंनी मला हातानेच थांबवलं आणि तिला विचारलं, "मग इथे कशाला आलीस?"

"पप्पांनी तुमची अपॉइंटमेंट घेतली होती."

ईशा पुढे नेदरलँड्सला गेली आणि मजेत आहे. काकूंनी तेव्हा एवढंच म्हटलं, की त्यांच्या खिडकीसमोर उभं राहून अमेरिका दुसऱ्या नंबरवर टाकणारी ती पहिलीच. त्यांना वाईट वाटलं असं नाही. दुकानदाराला नेहमीचं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात शिरताना दिसावं, तसं काहीतरी झालं.

त्यांना खरी हलवून गेली ती लिनची मुलगी. लिन म्हणजे काकांच्या कारखान्यातलं ते चिनी मशीन बसवायला आलेला इंजिनिअर. कुटुंबासकट इथेच राहिला. काकांच्या आजारपणात तो फळं घेऊन आला होता, तेव्हा गप्पांमध्ये कळलं की त्याची मुलगी यूवेन रोबोटिक्स शिकायला अमेरिकेला निघालीय. काकूंचा चेहरा कितीतरी दिवसांनी फुलला.

"ऐकलंत?" त्या काकांना म्हणाल्या. "चीनच्या मुलीलाही अमेरिकाच लागते."

पुढच्याच शनिवारी मुलाखत ठरली. यूवेन आली, फाइल वगैरे काही न घेता. लिनला बाल्कनीत बसवलं, सोबतीला मी. यल्ला, चला, आता ऐका, असं मी त्याला खुणेने सांगितलं. मुलगी उत्तरं नीट देत होती, दोन वाक्यांत, न सांगता. शेवटी नेहमीचा प्रश्न आला. परत जाणार का?

"हो. अर्थात," ती इंग्रजीत म्हणाली.

"कुठे?"

"घरी. शेन्झेनला."

"का?"

"माझ्या विषयातलं काम तिथे जास्त आहे. दोन वर्षं शिकेन आणि जाईन."

"आणि अमेरिकेतच नोकरी मिळाली तर?"

यूवेनने जरा विचार केला. सभ्यपणे म्हणाली, "कशी नोकरी आहे त्यावर आहे."

कुकरची शिट्टी झाली. ती हलली नाही. काकू ब्लेझर काढून जेवायला वाढायला लागल्या.

सगळे गेल्यावर मी कप आत नेऊन दिले तेव्हा त्या सिंकपाशी उभ्या होत्या. "दिलीप, मी पोरांना 'परत येईन' म्हणायला शिकवलं. म्हणताना एकाचाही चेहरा खरा नसायचा. शिकवणारीचाही नसायचा. ही पोरगी खरंच परत जाणार आहे. तिला अमेरिका हवी आहे, पण तिचं अडलेलं नाही."

"मग बरंच आहे की."

"बरंच आहे. आपलं मात्र सगळं अडलेलं होतं, एवढं आज कळलं."

त्याच वर्षी हिवाळ्यात अमेयचा फोन आला. अबुधाबीत एक मोठी टेक कंपनी उभी राहत होती, एआयचं काम. त्याचा टेक्सासमधला जुना बॉसच तिथे येऊन बसला होता, टीममध्ये दोन चिनी, एक इजिप्तचा. अमेयला बोलावणं होतं. फोनवर मुलाखतीच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या, शेवटची समोरासमोर व्हायची होती. काका त्या बातमीने लहान मुलासारखे खूश झाले. काकूंनी फोन हातात घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "परत यायला मी तुला पाठवलं नव्हतं."

नंतरचे आठ-दहा दिवस त्या मुलाशी हवा-पाण्यापलीकडे बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "लोक म्हणणार, काढून टाकलं असेल. काढलं नाही हे मी दारोदार सांगत फिरू का?" पण लोकांचं भय हे वरवरचं होतं. त्यांना खरी भीती दुसरीच होती. अमेय रांगेतून बाहेर पडला की इतक्या वर्षांचं उभं राहणं फुकट जाणार होतं आणि तो पुन्हा तिथेच येणार होता जिथून त्यांनी त्याला बाहेर काढलं होतं, पाहुण्यांच्या खोलीत. आणि तो हे सगळं बापाच्या हृदयासाठी करत असला तर? मुलाने आपल्यासाठी हरून यावं, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं.

अमेय आला. शिक्का नसताना आला. म्हणजे ही नोकरी मिळाली नाही तर पुढे कसं, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. मी कामासाठी आठवड्यातून एकदा अबुधाबीला जातो, दुसऱ्या दिवशी त्याला माझ्या गाडीतून न्यायचं ठरलं होतं. वेळ ठरवायला म्हणून मी दुपारी त्यांच्याकडे गेलो. काका सोफ्यावर, काकू आत पोळ्या करत होत्या. माझ्याशी बोलता बोलता अमेय उठला, हॉलमधून त्या खिडकीसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "गुड आफ्टरनून, मॅम."

काकूंनी लाटणं थांबवलं. "हे काय?"

"उद्या इंटरव्ह्यू आहे. घे ना."

"मला अबुधाबीचा येत नाही. ते लोक काय विचारतात मला काय माहीत?"

"ते राहू दे. तुला विचारायचं ते विचार."

मी उठायला लागलो तर काकांनी माझा हात धरून खाली बसवलं. काकूंनी ब्लेझर घातला नाही. पिठाचे हात तसेच ठेवून त्या खिडकीपाशी आल्या आणि इंग्रजीत सुरू झाल्या. नाकातून नाही, शाळेतल्या इंग्रजीत. पुढचं जवळजवळ सगळं बोलणं इंग्रजीत झालं. मला वाटतं मराठीत त्या दोघांना ते जमलं नसतं.

"तुम्ही अमेरिका का सोडताय?"

"मला हवं ते काम पूर्वी फक्त तिथेच होतं, मॅम. आता इथेही आहे."

"तिथे तुम्हाला कामावरून काढलं का?"

"नाही."

"तिथे तुम्हाला कोणी वाईट वागवलं?"

"नाही. चांगली माणसं आहेत."

"मग वडिलांसाठी येताय?"

तव्यावरची पोळी करपायला लागली होती. काकूंनी मागे हात करून गॅस बंद केला.

"थोडं त्यांच्यासाठी," अमेय म्हणाला. "बाबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून त्यांना फोनवर बघत होतो. गेलो तर काय काय जाईल याचा हिशोब मी मनात करत होतो. तो हिशोब केल्याची मला लाज वाटते."

चार वाक्यं झाली होती. काकूंनी टोकलं नाही. सोफ्यावर काका समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"शेवटचा प्रश्न," काकू म्हणाल्या. "इथे तुम्हाला किती दिवस राहू देतील?"

"नोकरी आहे तोवर. कदाचित जास्त. इन्शाल्ला."

"आणि मग?"

"मग बघू."

इथे काकू पहिल्यांदा मराठीत आल्या. "'मग बघू' हे उत्तर मी इथे तीस वर्षं दिलं, अमेय. तुला ते द्यायला लागू नये म्हणून तुला पाठवलं होतं."

"आई," तोही मराठीत म्हणाला, "तिथेही मी तेच उत्तर देतोय."

काकू खिडकीच्या चौकटीवर दोन्ही हात टेकवून उभ्या राहिल्या. इतकी वर्षं दर महिन्याला तो तक्ता ऐकताना त्यांना हे कळलं नव्हतं असं नाही. पण मुलाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मग त्यांनी करपलेली पोळी बाजूला काढली, गॅस पुन्हा पेटवला आणि म्हणाल्या, "उद्या निळा शर्ट घाल. पांढरा ड्रायव्हरसारखा दिसतो." मी सकाळची वेळ सांगितली आणि घरी आलो.

अमेयला नोकरी मिळाली. काका पुढच्या वर्षी निवृत्त झाले. एरवी त्या दोघांना चंबूगबाळं आवरून पुण्याला जावं लागलं असतं, पण आता मुलगा त्यांचा स्पॉन्सर झाला, त्याच्या नोकरीवर त्यांना व्हिसा मिळणार होता, आणि दोघं अबुधाबीला त्याच्याकडे राहायला गेले. अबुधाबीच्या व्हिसा सेंटरमधली गंमत काकांनी मला फोनवर सांगितली. काकू सगळी उत्तरं तयार करून गेल्या होत्या. काउंटरवरच्या अमिराती मुलीने बोटांचे ठसे घेतले, "मामा, कॅमेऱ्याकडे बघा" म्हणाली, मामा म्हणजे त्यांच्याकडे आई, आणि झालं. काकू उठेनात. "काहीच विचारणार नाही?" त्यांनी तिला विचारलं. मुलगी हसली आणि म्हणाली, नाही मामा, खलास. घरी येताना काकू म्हणाल्या म्हणे, तिथे हजार प्रश्न विचारतात आणि थांबवून ठेवतात, इथे काही विचारत नाहीत आणि कायमचं देत नाहीत. दोन्हीकडे माणसाने आपापली चूल पेटती ठेवावी. काका हे सांगताना खूप हसत होते. मला हसू आलं नाही.

मागच्या महिन्यात काम आटोपून मी त्यांच्या अबुधाबीच्या घरी जेवायला गेलो. मधला वार होता, अमेय ऑफिसला गेलेला. नवं घर, मोकळं स्वयंपाकघर, मध्ये भिंतच नाही. काका झोपले होते. काकूंनी मला भरली वांगी वाढली आणि समोर बसल्या. दिवाणखान्याच्या भिंतीवर त्यांनी अमेयच्या लहानपणाचे फोटो लावलेले होते, खिळे ठोकून.

मी विचारलं, "काय काकू, काकांचं म्हणणं पटलं का शेवटी? अमेरिका संपली?"

"संपायला काय झालंय? मोठा देश आहे," त्या म्हणाल्या. "एवढंच, की मला वाटायचं दुसरं कोणी नाहीच. एकाच दारावर सगळा जीव टांगून ठेवला होता मी." आणि वांग्याचा रस आणखी वाढला.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. हात खरकटे म्हणून त्यांनी स्पीकर लावला. दुबईहून कोणी बाई बोलत होत्या, ओळखीच्या ओळखीतून नंबर मिळालेला. मुलीची व्हिसाची मुलाखत होती, अमेरिकेचीच. काकूंनी तयारी करून घ्यावी अशी विनंती होती.

"घेईन की," काकू म्हणाल्या. "मधल्या वारी कधीही या."

"काकू, शाळा असते हो. आम्ही शनिवारी गाडी काढून आलो तर? दिवसभर थांबू."

"शनिवारी नाही जमायचं."

"बाहेर जाताय का?"

"नाही," काकू म्हणाल्या. "शनिवारी मुलगा घरी असतो."